बायपासनंतर पंचमदा कामावर परतले, पण त्यांची खुर्ची कुणी राखून ठेवली नव्हती

साल १९९४. एसटी स्टँडवरचं कॅसेटचं दुकान असो, रिक्षा असो नाहीतर लग्नाचा मांडव, सगळीकडे एकाच पिक्चरची गाणी वाजत होती. '१९४२ : अ लव्ह स्टोरी'.

लोक म्हणायला लागले, आर. डी. बर्मन परत आले.

पण ही गाणी गाजत होती तेव्हा आर. डी. बर्मन या जगात नव्हते. पिक्चर पडद्यावर यायच्या आधीच, ४ जानेवारी १९९४ ला, वयाच्या ५४ व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले होते.

त्याआधी साधारण पाच वर्षं लंडनमध्ये त्यांच्या हृदयाची बायपास झाली होती. ऑपरेशन यशस्वी झालं. माणूस घरी आला, हार्मोनियमसमोर बसला, चाली लावायला लागला. पण पूर्वीसारखं काम मिळायला मात्र त्याला १९४२ च्या गाण्यांपर्यंत वाट बघावी लागली.

हृदयाचं ऑपरेशन झालेल्या प्रत्येक घरात एक प्रश्न असतो. आता हे पुन्हा कामाला कधी लागणार? पंचमदांच्या आयुष्याची शेवटची पाच-सहा वर्षं बघितली की कळतं, या प्रश्नाला दोन बाजू आहेत. एक शरीराची आणि दुसरी बाजाराची.

तीच गोष्ट आज बघू.

सुरवात बापाच्या सावलीत

राहुल देव बर्मन यांचा जन्म २७ जून १९३९ चा, कोलकात्याचा. वडील सचिन देव बर्मन म्हणजे हिंदी सिनेमातलं मोठं प्रस्थ. आई मीरा देव बर्मन स्वतः गायिका आणि गीतकार.

पंचम हे नाव कसं पडलं याच्या दोन-तीन कथा आहेत. लहानपणी पोरगं रडायचं तेही पाचव्या सुरात, म्हणून पंचम, ही त्यातली सगळ्यात लाडकी.

पोरगं तयार मात्र झालं. सरोद शिकले अली अकबर खाँ यांच्याकडे, तबला शिकले सामता प्रसाद यांच्याकडे आणि माउथ ऑर्गन तर असा वाजवायचे की १९५८ च्या 'सोलवाँ साल'मध्ये देव आनंदच्या गाण्यात तो वाजलेला आजही लोकांच्या कानात आहे.

१९६१ ला मेहमूदच्या 'छोटे नवाब'मधून ते स्वतंत्र संगीतकार झाले. खरा धमाका १९६६ ला झाला, नासिर हुसेन यांच्या 'तीसरी मंजिल'मधून. हिरो शम्मी कपूरना आधी शंकर-जयकिशन हवे होते. पंचमनी चाली ऐकवल्या आणि शम्मी कपूर तिथेच विरघळले.

मग पुढची पंधरा-सोळा वर्षं या माणसाचीच होती. पडोसन, कटी पतंग, अमर प्रेम, कारवाँ, हरे रामा हरे कृष्णा, यादों की बारात, आँधी, शोले, हम किसीसे कम नहीं. तीनशेच्या वर पिक्चर.

आवाज शोधायचा नाद तर असा की वाद्यं कमी पडायची. कंगवा घासून ताल धरायचे. रिकाम्या बाटलीत फुंकर मारून सूर काढायचे. 'सत्ते पे सत्ता'मध्ये भीती वाटावी म्हणून गायिकेला चक्क गुळण्या करायला लावल्या. ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये रेकॉर्डिंग असलं की वादकांची फौज जमायची. बासू चक्रवर्ती, मनोहारी सिंग आणि आपले मराठी मारुतीराव कीर हे त्यांचे खासे सरदार.

सांताक्रूझच्या घरातली म्युझिक रूम म्हणजे तर सतत चालू असलेला कारखाना.

बाप आजारी पडला तेव्हा काय झालं होतं

पंचमदांच्या आजारपणाकडे जायच्या आधी त्यांच्या वडिलांची एक गोष्ट बघायला हवी. कारण दोघांच्या गोष्टीतला फरक तिथेच आहे.

देव आनंद 'गाईड' करत होते. संगीत सचिनदांचं. काम सुरू झालं आणि सचिनदा गंभीर आजारी पडले. थेट हॉस्पिटलात भरती. पिक्चर मोठा, पैसा अडकलेला. सचिनदांनी स्वतःच देव आनंदना सांगून टाकलं की माझ्यासाठी थांबू नका, दुसरा संगीतकार बघा.

देव आनंदनी ऐकलं नाही. बरे व्हा, मी थांबतो, असा निरोप दिला आणि खरंच थांबले.

सचिनदा बरे झाले, परत आले आणि 'गाईड'ची गाणी झाली. ती गाणी म्हणजे काय चीज आहे हे वेगळं सांगायची गरज नाही. त्यानंतर 'ज्वेल थीफ' आला, 'आराधना' आला, 'अभिमान' आला. आजारपणानंतरची त्यांची दहा वर्षं हा त्यांच्या कामाचा सगळ्यात भरघोस काळ म्हणता येईल.

शरीर त्यांचं सुधारलंच. पण परत आल्यावर बसायला जागा होती. कुणीतरी ती राखून ठेवली होती.

मुलाच्या वाट्याला हे आलं नाही.

उतरण झटक्याच्या आधीच लागली होती

१९८० च्या दशकाची सुरवात पंचमदांसाठी उलट झकास होती. 'सनम तेरी कसम' आणि 'मासूम' या दोन पिक्चरसाठी लागोपाठ दोन फिल्मफेअर मिळाली. त्याआधी एवढी हिट गाणी देऊनही हे बक्षीस त्यांना मिळालं नव्हतं. 'बेताब' चालला, 'सागर'ची गाणी चालली.

पण वारं फिरत होतं. डिस्को आला, बप्पी लाहिरी आले, सिंथेसायझर आला. वादकांच्या फौजेची जागा एक मशीन घ्यायला लागलं. पंचमदांचे पिक्चर पडायला लागले, आणि पिक्चर पडला की त्याचं खापर संगीतकारावरही फुटतं.

सगळ्यात लागणारी गोष्ट १९८८ ला झाली. नासिर हुसेन यांच्या घरचा पिक्चर आला, 'कयामत से कयामत तक'. ज्या घरासाठी पंचमदांनी 'तीसरी मंजिल'पासून 'जबरदस्त'पर्यंत वीस वर्षं गाणी केली, त्या घरच्या या पिक्चरला संगीत होतं नव्या दमाच्या आनंद-मिलिंद यांचं. दिग्दर्शक नवा, हिरो नवा, त्यांनी संगीतकारही नवा घेतला. धंद्याच्या हिशेबाने बरोबरच. गाणी तुफान चालली.

याच काळात पंचमदा चांगलं काम करत नव्हते असं मात्र नाही. १९८७ ला गुलजार यांचा 'इजाजत' आला. त्यातल्या एका गाण्याला ना यमक ना ठरलेलं मीटर, नुसती मुक्त कविता. ती हातात पडल्यावर पंचमदांनी थट्टा केली होती की उद्या हे महाशय वर्तमानपत्र आणून त्याला चाल लावायला सांगतील. चाल लावली आणि त्या गाण्यासाठी गुलजार आणि आशा भोसले दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

कस तसाच होता. मागणी घटली होती.

आणि अशातच १९८८ ला पंचमदांना हार्ट अटॅक आला. वय पन्नाशीच्या आत.

बायपास म्हणजे नेमकं काय होतं?

हृदय अख्ख्या शरीराला रक्त पुरवतं, पण त्याला स्वतःलाही रक्त लागतं. ते आणणाऱ्या रक्तवाहिन्यांमध्ये चरबीचा थर साचत गेला की रस्ता अरुंद होतो. पूर्ण बंद झाला की पुढच्या स्नायूला रक्त मिळत नाही आणि तो मरायला लागतो. हाच हार्ट अटॅक.

बायपास म्हणजे या बंद रस्त्याला काढलेला वळणरस्ता. पायातली शीर किंवा छातीच्या आतली एक धमनी घेतात आणि अडथळ्याच्या पुढे जोडतात. रक्त नव्या रस्त्याने जायला लागतं.

ही पद्धत १९६७ नंतर जगभर पसरली ती अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये काम करणाऱ्या रेने फावालोरो या अर्जेंटिनाच्या सर्जनमुळे. भारतात डॉ. के. एम. चेरियन यांनी १९७५ ला मद्रासच्या पेरांबूर रेल्वे हॉस्पिटलमध्ये पहिली बायपास केली. म्हणजे पंचमदा आजारी पडले तेव्हा आपल्याकडे हे ऑपरेशन होऊन तेरा वर्षं झाली होती. तरी ज्यांना परवडतं त्यांनी लंडन किंवा अमेरिका गाठायची, हीच तेव्हाची रीत. संजीव कुमार यांनीही बायपास अमेरिकेतच करून घेतली होती. ते परत आले, कामाला लागले आणि १९८५ ला ४७ व्या वर्षी गेले. फिल्म इंडस्ट्रीला ही आठवण ताजी होती.

अटॅकनंतर वर्षभराने, १९८९ ला, पंचमदांची बायपास लंडनच्या प्रिन्सेस ग्रेस हॉस्पिटलमध्ये झाली.

घरी आल्यावरचे दिवस

बायपासमध्ये छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि नंतर तारेने बांधतात. हाड धरायला सहा ते आठ आठवडे लागतात, पक्कं व्हायला साधारण तीन महिने. तोवर जड उचलायचं नाही, ढकलायचं नाही, ओढायचं नाही. पाण्याची भरलेली बादलीसुद्धा नाही.

पण माणसाला खरा धक्का बसतो तो थकव्याचा. आंघोळ केली तरी दम लागतो. दोन पाहुणे येऊन गेले की झोप लागते. रात्री मात्र झोप येत नाही. जेवणाची चव जाते. वाचायला घेतलं की दोन पानांत लक्ष उडतं.

हे बिघडल्याचं लक्षण नाही. ऑपरेशनमध्ये रक्त गेलेलं असतं, हिमोग्लोबिन उतरलेलं असतं, शरीराची सगळी ताकद जखमा भरण्यात जात असते. त्यात आठ-दहा दिवस पडून राहिलं तरी स्नायू ढिले पडतात. ही ताकद परत येते ती चालण्याने. सुरवातीला घरातल्या घरात पाच मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. मग दर दोन-चार दिवसांनी थोडी वाढ. दीड महिन्यात बहुतेक लोक सलग अर्धा तास चालायला लागतात.

एक दिवस बरं वाटतं म्हणून माणूस खूप करतो आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात काढतो. हेही जवळजवळ प्रत्येकाचं होतं. रोज थोडं, पण रोज, हाच त्यावरचा उपाय.

आणि मन. बायपासनंतर बऱ्याच जणांना उदासी येते. उगाच रडू येतं, चिडचिड होते, आता आपण संपलो असं वाटायला लागतं. घरचे म्हणतात, ऑपरेशन एवढं चांगलं झालं, आता कसली काळजी? पण काळजी असते ती कामाची. जो माणूस तीस वर्षं कामाने ओळखला जातो, त्याला काम नसलं की आरशात कोण दिसतं हेच कळत नाही.

पंचमदांसारख्या माणसाचं काम तसं बसून करायचं. हार्मोनियम पुढे ओढायचा आणि चाल लावायची. ते त्यांनी सोडलं नाही. आजारपणाच्या आणि नंतरच्या काळात त्यांनी बऱ्याच चाली बांधल्या. त्यातल्या कित्येक कधी बाहेर आल्याच नाहीत.

म्हणजे कामगार कामावर हजर होता. कारखान्याला ऑर्डर नव्हती.

फोन वाजायचा थांबला

१९८९ ला विधू विनोद चोप्रांचा 'परिंदा' आला. संगीत पंचमदांचं. पिक्चर आजही हिंदीतल्या चांगल्या गुन्हेगारी पिक्चरमध्ये मोजला जातो आणि गाणीही चांगली होती. पण त्याने दारं काही उघडली नाहीत.

पुढच्याच वर्षी, १९९० ला, 'आशिकी' आला. नदीम-श्रवण, कुमार सानू आणि गल्लोगल्ली पोचलेली स्वस्त कॅसेट. आता म्युझिक कंपन्या ठरवायला लागल्या की संगीतकार कोण हवा. त्यांच्या हिशेबात आजारी पडलेला, पिक्चर न चालणारा, मोठा ऑर्केस्ट्रा मागणारा पन्नाशीचा माणूस बसत नव्हता.

काम अगदीच थांबलं नव्हतं. १९९१ ला 'इंद्रजित' झाला, १९९३ ला प्रियदर्शनचा 'गर्दिश' झाला. पण एकेकाळी वर्षाला डझनावारी पिक्चर करणाऱ्या माणसासाठी हे म्हणजे भरल्या ताटानंतरची शिळी भाकरी.

इथे बाजाराचा एक साधा नियम दिसतो. माणूस आजारी पडला की त्याच्याबद्दल दोन गोष्टी ठरून जातात. एक, याला त्रास द्यायला नको. दोन, याच्या भरवशावर काही ठेवायला नको. पहिली माया असते आणि दुसरी धास्ती. परिणाम दोन्हींचा एकच. काम येत नाही.

आणि काम आलं नाही की नवी हिट येत नाही, हिट आली नाही की काम येत नाही.

एक माणूस थांबला

विधू विनोद चोप्रा आपला नवा पिक्चर जमवत होते. स्वातंत्र्यलढ्याच्या काळातली प्रेमकथा. संगीत पंचमदांचंच असेल हे त्यांनी ठरवलं होतं. म्युझिक कंपनीने सांगून बघितलं की नाव बदला, पण त्यांनी बदललं नाही, असं चोप्रांनी नंतर बऱ्याच मुलाखतींत सांगितलंय.

पण या गोष्टीतला महत्त्वाचा प्रसंग पुढे आहे.

'कुछ ना कहो' या गाण्याची पहिली चाल पंचमदांनी ऐकवली. म्युझिक रूममध्ये वादक बसलेले. चाल त्या वेळच्या बाजाराला आवडेल अशी, ठेकेदार. पाच वर्षं नाकारला गेलेला माणूस जे करेल तेच त्यांनी केलं होतं. लोकांना काय हवंय याचा अंदाज घेतला होता.

चोप्रांना चाल आवडली नाही आणि त्यांनी ते तोंडावर सांगितलं. भिंतीवर सचिनदांचा फोटो होता. त्याकडे बोट दाखवून ते म्हणाले की मला त्या जातीचं संगीत हवंय.

खोलीत शांतता पसरली. पंचमदांनी सगळ्यात आधी एकच विचारलं, की हा पिक्चर माझ्याकडे आहे ना? चाल का आवडली नाही, कुठे चुकलं, हे नंतर. आधी काम आहे की गेलं?

काम गेलं नव्हतं. त्यांना वेळ मिळाला. साधारण आठवड्याने ते नवी चाल घेऊन बसले आणि पहिल्या काही सुरांतच सगळ्यांना कळलं की हेच ते गाणं. आज आपण ऐकतो ती हीच चाल.

दुसऱ्या एका गाण्याची कथा जावेद अख्तर सांगतात. प्रेमात पडलेला पोरगा पोरीला उपमांवर उपमा देत जातो ते गाणं. जावेदसाहेब बैठकीला काही न लिहिता आले होते. वाटेत सुचलेली कल्पना त्यांनी बोलून दाखवली, तिथेच पहिलं कडवं लिहून दिलं आणि पंचमदांनी काही मिनिटांत चाल लावून टाकली.

काही मिनिटांत! म्हणजे हात गेला नव्हता, कान गेला नव्हता. चांगलं तेच कर असं म्हणणारं आणि त्यासाठी आठवडाभर थांबणारं कुणीतरी मधल्या काळात उरलं नव्हतं, इतकंच.

वडिलांसाठी देव आनंद थांबले होते. मुलासाठी विधू विनोद चोप्रा थांबले.

मग हृदयाने दगा का दिला?

गाणी तयार झाली होती. ती चालणार हे ऐकणाऱ्यांना कळत होतं. पण ४ जानेवारी १९९४ च्या पहाटे पुन्हा झटका आला आणि पंचमदा गेले. आई मीरा देव बर्मन त्यांच्यामागे २००७ पर्यंत होत्या.

पिक्चर आला, गाणी गाजली. फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट संगीतकाराचा पुरस्कार पंचमदांना मरणोत्तर मिळाला. त्याच गाण्यांसाठी कुमार सानू, कविता कृष्णमूर्ती आणि जावेद अख्तर यांनाही पुरस्कार मिळाले. नव्या संगीतकारांसाठी फिल्मफेअरने आर. डी. बर्मन यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला आणि तो पहिल्यांदा मिळाला ए. आर. रहमान यांना.

आता प्रश्न पडतो. बायपास झालेली असताना असं कसं झालं?

बायपासने अडथळ्याला वळसा मिळतो, पण अडथळा ज्यामुळे तयार झाला तो आजार जात नाही. रक्तवाहिन्यांमध्ये थर साचायचं चालूच राहतं. जोडलेल्या नव्या शिरांमध्येही तो साचतो. पायातून घेतलेल्या शिरांपैकी जवळजवळ निम्म्या दहा वर्षांत बंद पडतात किंवा खराब होतात, असं जुन्या अभ्यासांमधून दिसलंय. छातीतली धमनी त्यामानाने खूप जास्त टिकते, म्हणून आज सर्जन शक्य तिथे ती वापरतात.

आणि यात काळाचाही भाग आहे. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्या आज बायपासनंतर जवळपास प्रत्येकाला देतात. हृदयरोग्यांचे जीव त्यामुळे वाचतात, हे पक्कं सिद्ध करणारा ४४४४ रुग्णांवरचा मोठा स्कँडिनेव्हियन अभ्यास प्रसिद्ध झाला तो नोव्हेंबर १९९४ मध्ये. मृत्यूचं प्रमाण त्यात ३० टक्क्यांनी कमी झालं होतं.

पंचमदा त्याच वर्षीच्या जानेवारीत गेले होते.

या गोळ्या असत्या तर ते वाचले असते असं कुणी म्हणू शकत नाही. पण आज बायपास होणाऱ्या माणसाच्या हातात त्यांच्यापेक्षा जास्त हत्यारं आहेत, एवढं नक्की म्हणता येतं.

आपल्या घरात कुणाची बायपास झाली असेल तर

पंचमदांची गोष्ट मुंबईची आणि लंडनची. पण हाच प्रश्न मुळशी तालुक्यातल्या घरात वेगवेगळ्या रूपांत दिसतो. मुळशी हे त्यासाठी चांगलं उदाहरण आहे, कारण एकाच तालुक्यात हिंजवडीचं आयटी पार्क आहे, पिरंगुटचे कारखाने आहेत, पौडच्या बाजारपेठेतली दुकानं आहेत आणि धरणाकडच्या गावांमध्ये भाताची खाचरं आहेत.

हिंजवडीत कॉम्प्युटरवर बसणाऱ्याला साधारण दीड-दोन महिन्यांत काम सुरू करता येतं, शक्यतो आधी अर्धा दिवस किंवा घरून. त्याला त्रास कामापेक्षा प्रवासाचा आणि ट्रॅफिकचा जास्त. पौडच्या दुकानदाराला गल्ल्यावर लवकर बसता येईल, पण पोती उचलायला दुसरा माणूस लागेल. पिरंगुटच्या शॉप फ्लोअरवर वजन उचलणाऱ्याला तीन महिने तरी धरायला हवेत आणि परत जाताना डॉक्टरांकडून हलक्या कामाची चिठ्ठी घ्यायला हवी. गाडी चालवायला बहुतेक डॉक्टर महिना-दीड महिन्यानंतर परवानगी देतात, ड्रायव्हरकी पोटाची असेल तर तपासणी जास्त कडक होते. आणि लावणीच्या दिवसांत चिखलात वाकून काम करणाऱ्याने, ऑपरेशन उन्हाळ्याच्या शेवटी झालं असेल, तर ती लावणी दुसऱ्यांवर सोडलेलीच बरी.

हे सगळे अंदाज. नक्की तारीख ज्याने ऑपरेशन केलं तो डॉक्टर सांगेल. कारण हृदयाची ताकद किती उरली आहे, शुगर किती आहे, जखम कशी भरते आहे यावर ते ठरतं.

गोळ्या मात्र बरं वाटलं म्हणून बंद करायच्या नाहीत. तंबाखू आणि सिगारेट कायमची सुटली पाहिजे. बीपी आणि शुगर तपासत राहायचं. छातीत दुखलं, एकदम दम लागला, जखमेतून पाणी आलं, ताप चढला, चालताना चक्कर आली, तर सकाळपर्यंत थांबायचं नाही. आणि उदासी पंधरा दिवसांच्या वर टिकली तर तीही डॉक्टरांना सांगायची. तिच्यावर उपचार आहेत.

दुसरी बाजू घरच्यांची आणि मालकाची. त्यांना त्रास नको म्हणून दुकानाचे हिशेब लपवायचे, शेताचं काही विचारायचं नाही, ऑफिसात त्यांचं टेबल दुसऱ्याला देऊन टाकायचं, हे सगळं मायेनेच होतं. पण अंथरुणातल्या माणसाला त्याचा अर्थ एकच लागतो. आपल्याशिवाय चाललंय.

म्हणून झेपेल एवढं काम, झेपेल त्या दिवसापासून, त्यांच्या हातात द्यायचं. हिशेबाची वही द्या. कुठल्या खाचरात काय लावायचं ते त्यांना ठरवू द्या. ऑफिसातून एक फोन जाऊ द्या, की तुमची जागा आहे, सावकाश या.

सचिनदांना असा निरोप आजारपणातच मिळाला आणि पुढे दहा वर्षं त्यांनी डोंगराएवढं काम केलं. पंचमदांना तो मिळायला खूप उशीर झाला. तरी त्या एका निरोपावर त्यांनी १९४२ ची गाणी करून ठेवली.